पटावर सतरा

पाळी सहाला सुटते.
झोप मात्र साडेनवापर्यंत दाराबाहेर उभी करून ठेवतो,
कारण सान्वीला शाळेत मीच सोडतो.
अंगाला अजून फौंड्रीच्या काळ्या वाळूचा वास.
वाट चार मिनिटांची:
पिठाची गिरण, मल्लव्वाचा भाजीचा गाडा,
गटारावरची हलती फरशी, शाळा.
तेवढ्यात ती सोळा प्रश्न विचारते,
जांभया देत माझी तीनच उत्तरं होतात.

दोन खोल्या. पहिली ते तिसरी इकडे,
चौथी-पाचवी तिकडे,
आणि मोदगेकर बाई दोन्हीकडे.
इकडे पाढे लावून देतात, तिकडे जाऊन नकाशा उलगडतात,
आणि पाढ्याचा आवाज जरा पातळ झाला
की भिंतीपलीकडून विचारतात,
"सात सक्कं?"
बेचाळीस भिंत ओलांडून जातं.

पालकसभेला पोरांच्या बाकावर बसलो, गुडघे हनुवटीला.
कधीकाळी करकटानं कोरलेलं माझं नाव शोधलं.
सापडलं नाही. बाक नवे आलेत.
शेजारी सुबराव अनगोळकर.
त्याचा थोरला पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातो,
धाकटी इथं.
म्हणाला, "तिकडं फी भरताना खिडकीतनं नुसता हात दिसतोय गा.
हिकडं बाई विचारूलेत, बायकोची दाढ काढली काय."

मग बाईंनी तालुक्याहून आलेला कागद काढला.
कन्नडातला.
मला मशीनवरची अक्षरं कळतात, बसची पाटी कळते,
'अपाय' हा शब्द तर कवटीसकट पाठ.
पण सलग चार ओळी आल्या की धाप लागते.
बाई वाचून सांगणारच होत्या,
तेवढ्यात सान्वी उठली, तिसरीतली,
बोट ठेवत ठेवत, गोल अक्षरांवरून घसरत
वाचू लागली.
पटावर सतरा, तिनं वाचलं.
आणि पुढच्या ओळीत थांबली.
"पप्पा, विलीन म्हणजे?"

शब्द दोन्हीकडे तोच.
त्या भाषेतही विलीन, ह्या भाषेतही.
एवढ्या वर्षांत एक शब्द
भाषांतर न करता घरी आणता आला,
तो हा.

"साखर चहात घालतो ना, तसं."
"मग आपण साखर का चहा?"

रेहानाभाभी हसली आणि एकदम गप्प झाली.
बाई पुसलेला फळा परत पुसू लागल्या.
दुसरी शाळा तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे.
फाटक पडलं की मालगाडीचे डबे मोजत उभं राहायचं,
पोरांना तेवढंच गणित.

रविवारी आम्ही गल्लीगल्लीत फिरलो.
कुणाचं पोर अडीच वर्षांचं, कुणाचं आधीच पिवळ्या बसमध्ये.
एकानं पाणी दिलं, बसवलं,
आणि म्हणाला, "शाळा चांगली आहे हो, ऱ्हायला पायजे,"
आणि पोराला आत पाठवलं.
परतताना मल्लव्वानं गाड्यावरूनच हाक मारली:
"नम्म हुडगन्नू बर्कोरी."
तिच्या पोराचंही नाव लिहा म्हणे.
बाई म्हणाल्या, "अगं, तुमच्या घरात कन्नड. नीट विचार कर."
तिनं कोथिंबिरीवर पाणी मारलं.
"हितनं शाळेचं दार दिसतंय," एवढंच म्हणाली.

अठरा.
कागदाला पंचवीस लागतात.

आज शिवू सान्वीशेजारी बसलाय.
ती त्याला दाखवतेय: आधी वर दोरी बांधायची,
मग अक्षरं वाळत घालायची.
तो अक्षरं आधी काढतो, गोल गोल,
दोरी शेवटी, आणि वाकडी.
मी व्हरांड्यात थोडा रेंगाळलो,
मग घरी येऊन आडवा झालो.

बायको सांगते, अकराच्या सुमाराला
झोपेतच मी मोठ्यानं म्हणालो:
बेचाळीस.